एम-16 चा गज: व्हिएतनाममधल्या एका फसलेल्या तरतुदीचं प्रकरण

व्हिएतनामच्या जंगलात 1966-67 साली लढणाऱ्या कितीतरी अमेरिकन सैनिकांनी आपल्या एम-16 रायफलीला एक पोलादी गज चिकटपट्टीने बांधून ठेवलेला असे. हा नळी साफ करायचा गज. तो असा बाहेर, हाताशी ठेवण्याचं कारण मात्र सफाई नव्हतं. गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीतच, रुतून बसली, तर नळीच्या तोंडातून गज घालून ती मागे ढकलून काढायची, एवढाच उपाय हाती असे. तेही समोरून गोळीबार चालू असताना. नळीत दारू ठासून गजाने दाबायचा जमाना केव्हाच मागे पडला होता, आणि अमेरिकेची सर्वांत नवी रायफल बाळगणारा माणूस पुन्हा नळीत गज घालत बसला होता.

हे झालं ज्यांना गज मिळाला होता त्यांच्याबद्दल. पुष्कळांना तोही मिळाला नव्हता.

या प्रकरणावर बोलणारे लोक साधारण दोन गटांत पडतात. एक म्हणतो रायफलच वाईट होती. दुसरा म्हणतो सैनिकांनी ती साफ ठेवली नाही. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. कुठला गज, कुठला ब्रश, कुठलं तेल हे हत्याराची रचना, त्यात वापरली जाणारी दारू आणि जिथे ते वापरायचं तिथली हवा यांवरून ठरतं. रायफल आधी घेऊ, सफाईचं नंतर बघू, असा क्रम लावला की काय होतं, हे इथे एकेका पायरीने पाहता येतं.

दस्त्यातली जागा

एम-16 च्या आधीच्या दोन्ही अमेरिकन रायफलींमध्ये, म्हणजे एम-1 गॅरंड आणि एम-14 मध्ये, लाकडी दस्त्याच्या मागच्या टोकाला झाकण असे. झाकण उघडलं की आतल्या पोकळीत सफाईचं सामान. ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड .303 मध्येही तीच सोय होती. पितळी तेलाची कुपी आणि वजन लावलेली दोरी, म्हणजे पुलथ्रू, दस्त्यात बसायची. आपल्याकडे एनसीसीत ज्यांनी रायफल हाताळली आहे त्यांना पुलथ्रू आणि 'चार बाय दोनची चिंदी' वेगळी समजावून सांगायला नको. हत्यार हातात आलं की त्याची सफाई त्याच्याबरोबरच येते, हे त्या रचनेत गृहीतच होतं.

एम-16 चा मूळ आराखडा, एआर-15, युजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत केला. 1959 मध्ये त्याचे हक्क कोल्ट या शस्त्रकंपनीकडे गेले. या रायफलीत बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, मागून धक्का देणारी स्प्रिंग दस्त्याच्या आतल्या नळकांड्यात बसते, त्यामुळे दस्त्यात लाकडी रायफलीसारखी मोकळी जागा राहत नाही. सुरुवातीच्या दस्त्यांत सामान ठेवायला कप्पाच नव्हता. गज कुठे ठेवायचा या साध्या प्रश्नाला आराखड्यात उत्तर नव्हतं, आणि ज्या वस्तूला जागा नाही ती वस्तू पुरवठ्याच्या यादीतून कशी हळूच गळते हे कुठल्याही भांडारात काम केलेल्या माणसाला ठाऊक असतं.

त्यात खरेदीच तात्पुरती मानली गेली होती. 1963 च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांच्या काळात 1,04,000 रायफलींची मागणी नोंदवली गेली. त्यातल्या 85,000 लष्करासाठी, 19,000 वायुदलासाठी. ही 'एकदाच करायची' खरेदी होती. पुढे काही तरी निराळं हत्यार येईल आणि ही रायफल मधला काळ भरून काढील, असा हिशेब होता. या रायफलीला फारशी देखभाल लागत नाही ही समजूत सैन्यात पसरली होती. ती स्वतःच स्वतःला साफ करते, असंही बोललं जाई. ज्या रायफलीत नळीतला गरम वायू थेट बोल्टच्या अंगापर्यंत आणून सोडला जातो, तिच्याबद्दल असं कुणाला वाटावं याचं मला आजही नवल वाटतं.

वायू कुठे जातो

एम-14 किंवा गॅरंडमध्ये नळीतून घेतलेला वायू नळीखालच्या दट्ट्याला ढकलतो आणि तो दट्ट्या पुढची यंत्रणा हलवतो. काजळी बरीचशी त्या दट्ट्याच्या भोवतीच राहते. स्टोनरच्या रचनेत असा दट्ट्या नाही. एक बारीक पोलादी नळी वायूला मागे आणते आणि बोल्ट ज्यात बसतो त्या कॅरिअरमध्येच सोडते. वजन वाचतं, रायफल सरळ रेषेत धक्का देते, नेम कमी हलतो. त्या बदल्यात दारूची राख यंत्रणेच्या पोटात येते.

ही किंमत ठाऊक असूनही रचना चालण्यासारखी होती, पण ती ज्या दारूवर बेतली होती तीच दारू बदलली. एआर-15 आणि तिचं काडतूस ड्यूपाँटच्या आयएमआर 4475 या दारूवर विकसित झालं होतं. ठरलेला वेग आणि ठरलेला दाब या दोन्ही अटी मोठ्या उत्पादनात या दारूला सातत्याने पाळता येईनात. 1964 मध्ये ऑलिन मॅथिसनच्या डब्ल्यूसी 846 या गोल दाण्यांच्या दारूला मंजुरी मिळाली. एम-14 च्या 7.62 मिलिमीटर काडतुसात ती आधीपासून वापरात होतीच. पण या लहान रायफलीत तिचे परिणाम निराळे झाले. वायू घ्यायच्या छिद्रापाशी दाब जास्त मिळू लागला आणि सलग गोळीबाराचा वेग ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला. दारू टिकावी म्हणून तिच्यात घातलेल्या कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे आपल्या खडूतल्याच द्रव्याची, पुटं वायूनळीत आणि बोल्टवर धरू लागली.

यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी. नव्या दारूवर रायफल वेगाची मर्यादा पाळत नाही हे कोल्टने लष्कराला कळवलं होतं. त्यावर कारखान्यातल्या स्वीकृती-चाचणीसाठी जुन्या दारूची काडतुसं वापरायची मुभा देण्यात आली. म्हणजे रायफल पास व्हायची एका दारूवर आणि लढायची दुसऱ्या दारूवर. सफाई किती वेळा करावी, कुठे जास्त करावी, याचे जुने सगळे आडाखे त्या क्षणी निरुपयोगी झाले. तरीही देखभालीच्या साहित्यात त्याला साजेसा बदल झाला नाही.

पुंगळी का रुतायची

काडतुसाची पितळी पुंगळी गोळी सुटताना दाबाने फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट टेकते. दाब उतरला की ती किंचित आकसते आणि सैल होते. तेवढ्यात बोल्टवरचा एक्स्ट्रॅक्टर तिची कड पकडून ती मागे खेचतो. चेंबरची भिंत गुळगुळीत असेल तर हे सगळं सेकंदाच्या छोट्या अंशात सुरळीत होतं.

भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे पडले असतील, तर फुगलेलं पितळ त्या खड्ड्यांत दाबलं जातं आणि तिथेच धरून बसतं. त्यात बोल्ट नेहमीपेक्षा लवकर आणि जोरात मागे जाऊ पाहत असेल, कारण दारू तशी आहे, तर पुंगळी पुरती आकसायच्या आतच तिला हिसका बसतो. एक्स्ट्रॅक्टर कडेवरून निसटतो किंवा कडच फाडतो. पुंगळी आत, बोल्ट मागे, आणि पुढचं काडतूस तिच्या पाठीवर येऊन आदळतं.

खड्डे पडायला व्हिएतनामची हवा पुरेशी होती. पाऊस, भातखाचरं, घाम, चिखल. भरलेली रायफल रात्रभर दमट हवेत राहिली, तर काडतूस आणि चेंबर यांच्यामधल्या फटीत ओल धरून राहते. एम-14 च्या चेंबरला क्रोमचा मुलामा होता. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर गंजाने जो धडा दिला, त्यातूनच तो आला होता. एम-16 च्या चेंबरला सुरुवातीला तो नव्हता. आराखड्यात कमीत कमी बदल करायचे, असा संरक्षण मंत्रालयाचा आग्रह होता. लष्कराने हट्टाने जो बदल करून घेतला तो बोल्ट अंगठ्याने पुढे ढकलायचा खटका. काडतूस आत जात नसेल तर तो उपयोगी पडतो. इथे अडचण होती ती काडतूस बाहेर येत नसल्याची.

काय हवं होतं आणि काय होतं

सैन्याच्या भांडारात सफाईच्या सामानाचा तुटवडा नव्हता. ते सामान .30 कॅलिबरचं, म्हणजे 7.62 मिलिमीटर नळीचं होतं. 5.56 मिलिमीटरच्या नळीत तो गज शिरतच नाही. ब्रशही शिरत नाही. या लहान नळीसाठी वेगळा बारीक गज, वेगळा ब्राँझचा ब्रश, वेगळ्या मापाच्या चिंध्या लागतात. त्या पुरेशा पाठवल्याच गेल्या नाहीत. सैनिक घरी पत्रं लिहून .22 रायफलीचे गज मागवत होते.

पुलथ्रूने भागलं नसतं का, असा प्रश्न मनात येतो. दोरी हलकी, खिशात मावणारी, नळीच्या तोंडाची कड न घासणारी. नुसती काजळी आणि ओल काढायची असेल तर ती उत्तम. माझ्या मते रोजच्या सफाईसाठी कित्येकदा गजापेक्षाही सरस. पण दोरीला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. नळी पुंगळीने बंद असेल तर दोरी मागून घालायलाच जागा नाही. या रायफलीला गज हवा होता तो तिच्या दुखण्यामुळे. सफाईचं साधन निवडताना 'काय साफ करायचं' एवढंच विचारलं तर दोरी पुरते, 'हे हत्यार अडलं तर कसं अडेल' असंही विचारलं तर पुरत नाही. ज्यांनी ती यादी केली, त्यांनी हा दुसरा प्रश्न विचारल्याचं दिसत नाही.

(गजाने ठोकून फक्त रिकामी पुंगळी काढायची. अडकलेलं काडतूस जिवंत असेल तर त्यावर गज मारणं म्हणजे आपणच गोळी उडवायला निघणं. ते काम शस्त्र-कारागिराचं.)

दुसरी उणीव चेंबरच्या ब्रशची. चेंबर नळीपेक्षा रुंद असतो, म्हणून नळीचा ब्रश त्याच्या भिंतीला नीट लागतच नाही. त्याच्या मागे बोल्टचे दाते अडकायच्या खाचा असतात, त्यांत तर साधा ब्रश नुसताच फिरतो. पुढे या रायफलीसाठी जो खास ब्रश आला त्याला दोन जाडीचे भाग आहेत. पुढचा चेंबरला बसणारा, मागचा जाड भाग त्या खाचा खरवडणारा. गजाला लावून आत घालायचा, दाबून फिरवायचा. सगळी अडचण चेंबरमध्ये असताना नेमकी चेंबरची वस्तूच आधी नव्हती. नळी आरशासारखी चकचकीत आणि चेंबर काळं, अशी रायफल तपासणीत पास होऊ शकते. नळीतून उजेडाकडे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला चेंबरमधले खड्डे सहज दिसत नाहीत.

तिसरी बाब तेलाची. साधं पातळ तेल पावसात धुऊन जातं आणि गरम बोल्टवरून उडून जातं. नंतर एलएसए नावाचं दुधी रंगाचं, निमघट्ट वंगण देण्यात आलं. ते बोल्टच्या दात्यांवर आणि कॅरिअरच्या घासणाऱ्या जागांवर टिकायचं. पण काडतुसांना आणि चेंबरला तेल लावायचं नाही. लावलं तर त्यावर माती बसते, आणि तेलकट पुंगळी भिंतीला न धरता सगळा धक्का बोल्टवर टाकते. गंजाची भीती बसलेला माणूस साहजिकच सगळीकडे तेल चोपडतो. हे कुणी तरी आधी सांगायला हवं होतं, आणि ते सांगणारं प्रशिक्षणही तितकंच अपुरं होतं. 1966 च्या शेवटी कोल्टचे आणि लष्कराचे तंत्रज्ञ पाहणीला गेले, तेव्हा त्यांना वाईट स्थितीतल्या रायफली दिसल्या आणि त्या कशा उघडायच्या हेही धड न शिकवलेली माणसं दिसली.

एका बाबतीत मात्र ही रायफल आधीच्यांपेक्षा सरस होती. मागची खीळ सरकवली की तिचे दोन भाग बिजागरीसारखे उघडतात, बोल्ट हातात येतो आणि गज चेंबरच्या बाजूने घालता येतो. गॅरंड आणि एम-14 पुढूनच साफ कराव्या लागतात. त्यात गज नळीच्या तोंडाची कड घासतो आणि कड झिजली की नेम बिघडतो. एम-16 ला नीट साहित्य मिळालं असतं तर तिची सफाई त्या दोघींपेक्षा चांगली झाली असती.

चौकशी

1967 च्या वसंतात मरीन दलाला एम-16 देण्यात आली आणि एप्रिल-मे महिन्यांत खे सान्हच्या आसपासच्या टेकड्यांवर भीषण लढाया झाल्या. तिथल्या एका मरीनने घरी पाठवलेलं पत्र न्यू जर्सीचे लोकप्रतिनिधी जेम्स हॉवर्ड यांनी मे महिन्यात प्रतिनिधीगृहापुढे मांडलं. आमची माणसं आमच्याच रायफलीने मेली, मृतांच्या शेजारी उघडून ठेवलेल्या रायफली सापडल्या, असा त्याचा आशय होता. त्याच महिन्यात मिझुरीचे रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली गेली.

वरिष्ठांचं उत्तर ठरलेलं होतं. रायफल चांगली आहे, सैनिक ती साफ करत नाहीत. यात थोडं तथ्य होतंच, म्हणून ते अधिक घातक. अस्वच्छ रायफली होत्याच. पण ज्याला गज दिला नाही त्याला 'गज का घातला नाहीस' असं विचारण्यात काय अर्थ आहे? शिवाय खड्डे पडलेलं चेंबर कितीही घासलं तरी खड्डे जात नाहीत. व्यवस्थित ठेवलेल्या रायफलीही अडकत होत्या.

ऑक्टोबर 1967 च्या अहवालात उपसमितीने दारू बदलण्याच्या निर्णयावर मुख्य बोट ठेवलं. दोष ठाऊक असूनही तो दूर करायला हालचाल न करणं हे गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या सीमेवरचं वर्तन आहे, अशा शब्दांत लष्करातल्या जबाबदार अधिकाऱ्यांना फटकारलं. सफाईच्या साहित्याचा आणि प्रशिक्षणाचा अभावही त्यात नोंदला आहे. पण तो दारूच्या भांडणात दबून गेला असं मला वाटतं. दारूच्या कंत्राटामागे मोठ्या कंपन्या होत्या, चर्चेला मसाला होता. गजाची बातमी कोण वाचणार?

दुरुस्ती

अहवालाची वाट न पाहता काही बदल सुरू झाले होते. 1966 च्या अखेरीस दस्त्यातला बफर, म्हणजे मागे येणाऱ्या बोल्टचा धक्का झेलणारा भाग, बदलून जड करण्यात आला, त्याने बोल्टचा वेग आवरला. 1967 मध्ये चेंबरला क्रोमचा मुलामा आला. नळीच्या टोकाचा, गोळीबाराची झळाळी कमी करणारा तीन उघड्या बोटांचा फ्लॅश सप्रेसर झाडीत अडकायचा, तो बदलून बंद टोकाचा बसवला गेला. गज, ब्रश, वंगण यांचा पुरवठा वाढला. दारूतल्या कॅल्शियम कार्बोनेटचं प्रमाण पुढे कमी करण्यात आलं.

1968 मध्ये लष्कराने एम-16ए1 च्या, म्हणजे एम-16 च्या सुधारित आवृत्तीच्या, देखभालीवर 32 पानांची चित्रपुस्तिका काढली. चित्रं प्रसिद्ध चित्रकथाकार विल आइस्नर यांची. तेच लष्कराच्या देखभाल-मासिकासाठी 1951 पासून काम करत होते. रायफलीला बाईची उपमा देणारा तिचा सूर आज खटकतो, पण आतला मजकूर अव्वल आहे. बोल्टवरच्या तीन कड्यांच्या फटी एका ओळीत येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर वायू तिथून निसटतो. कॅरिअरवरच्या अरुंद भोकात चिलीम साफ करायची केसाळ तार घालायची. नळीत पाणी शिरलं असेल तर तोंड खाली करून बोल्ट थोडा मागे ओढायचा, कारण बारीक नळीत पाणी आपोआप ओघळत नाही आणि ते आत असताना गोळी मारली तर नळी फुटू शकते. ब्रश नळीच्या मधोमध उलट फिरवायचा नाही, पुरता बाहेर काढूनच मागे घ्यायचा. पोकळ भाषणं देण्यापेक्षा एका चित्रात एक कृती दाखवली, हे त्या पुस्तिकेचं बळ. ती तीन वर्षं आधी निघायला काहीच हरकत नव्हती. तिच्यातल्या बऱ्याच सूचना रायफल उघडून पाहणाऱ्या कुणालाही 1965 मध्येही लिहिता आल्या असत्या.

क्रोमचं चेंबर आलं तरी जुन्या नळ्या एका दिवसात बदलल्या नाहीत. ज्याच्या हातात जुनी नळी होती त्याला चेंबर ब्रश रोज फिरवणं आणि नळी बदलून मिळायची वाट पाहणं एवढंच शक्य होतं. 1970 च्या सुमारास दस्त्यालाही झाकण आणि कप्पा आला. आतल्या नळकांड्याच्या खाली उरलेल्या जागेत स्क्रूने जोडायच्या तुकड्यांचा गज, ब्रश आणि चिंध्या बसू लागल्या. जागा तर सापडली, पण रुतलेली पुंगळी काढायला हा तुकड्यांचा गज बाहेर बांधलेल्या सलग गजापेक्षा गैरसोयीचाच, कारण आधी तो काढून जोडायला हवा. तोवर क्रोममुळे ते काम क्वचितच पडू लागलं होतं, म्हणून ही गैरसोय खपून गेली.